सातवी आसरा

१

म्हैस चोरीला जाते, मोटारपंप जातो, वेचून ठेवलेला कापूस गाठोड्यासकट जातो. तालुक्याच्या गावी नोकरी करायची म्हटलं की असल्या तक्रारींची कानाला सवय लागते. पण अख्खा नाला चोरीला जाऊ शकतो हे प्रतिमा खर्चेला नोकरीच्या चौदाव्या वर्षी कळलं.

बुधवारची सकाळ होती. मे महिना, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. कचेरीच्या जुन्या कागदांची खोली सांभाळणारा कारकून प्रेमानंद एक फाईल छातीशी धरून तिच्या टेबलापाशी आला. दर गुरुवारी न चुकता शेगावला जाणारा, कपाळाला अष्टगंध लावणारा शांत माणूस. आज मात्र त्याच्या कपाळावरचा गंध घामानं ओघळला होता.

"मॅडम, पान सतरा पाहून घ्या. मी काही केलेलं नाही."

सरकारी कचेरीत हे वाक्य जो आधी बोलतो, त्याच्याकडेच सगळे आधी बघतात. बिचाऱ्याला तेही माहीत होतं.

फाईल सावळदऱ्याची. धामणगाव बढ्याच्या अलीकडचं हे गाव, रस्त्याला लागून. तिथल्या गट नंबर एकशे बारामध्ये देवेशशेठ मलकापूरवाल्यांना घरांचे प्लॉट पाडायचे होते. नाव 'हरिकृपा नगर'. शेतजमिनीवर घरं बांधायची तर आधी कचेरीची परवानगी लागते, आणि जागेतून नाला जात असेल तर दोन्ही काठांना मोकळी पट्टी सोडल्याशिवाय ती मिळत नाही. या जागेतून नाला जातो, असा अर्ज गेल्या जूनमध्ये खालच्या वस्तीतल्या कडूबा उमाळे नावाच्या म्हाताऱ्यानं दिला होता. पुरावा एकच, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या मोजणीचं हातानं काढलेलं टिपण. त्यात निळ्या शाईनं नाला दाखवलेला होता आणि खाली लिहिलं होतं, 'काठावरील साती आसरांच्या दगडांपासून मोजले.' तेच पान सतरा.

प्रतिमानं पान उलटलं. कोपऱ्यात लाल शाईतला सतरा आकडा होता, पण कागद भलताच होता. टिपणाच्या जागी कडूबाच्याच अर्जाची झेरॉक्स होती. नुसता मजकूर, खाली काळाकुट्ट अंगठा, बस.

"पानं मोजली तर एक्केचाळीस भरतात," प्रेमानंद म्हणाला. "कोणी फाईल बघून गेलं की मी पानं मोजतो, मॅडम. मोजतो, वाचत नाही."

"टिपणाची दुसरी प्रत?"

"होती जिल्ह्याला. वाळवीनं खाल्ली."

"फाईल कोणी कोणी बघितली?"

त्यानं रजिस्टर पुढे केलं. जुलैपासून तीनच नावं. देवेशशेठ. गावचे पोलीस पाटील भागवतराव. आणि स्वतः अर्जदार कडूबा, नावापुढे अंगठा.

"कडूबाला बोलवा."

"तो गेला, मॅडम. सप्टेंबरात. त्याच नाल्याच्या पाण्यात."

दुपारी प्रांतसाहेबांचा फोन आला. सोमवारी अंतिम सुनावणी. नायब तहसीलदार या नात्यानं पान कसं गेलं याची चौकशी प्रतिमानं करायची. पान सापडलं तर ठीक, नाही तर फाईलमध्ये जे आहे त्यावर निर्णय. आणि फाईलमध्ये तर आता नालाच नव्हता.

२

गुरुवारी ती सावळदऱ्याला गेली. जीपच्या पुढे मोटरसायकलवर कडूबाचा पोरगा गोकुळ रस्ता दाखवत होता. एकतिशीचा, सडपातळ, तोंड मिटून असणारा. मलकापूरच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता. हंगाम संपला, घरी आला.

घर म्हणजे टिनाची एक नवी खोली. जुनं पाण्यानं नेलं. कडूबाच्या बायकोनं, आशाबाईनं, आधी तांब्याभर पाणी दिलं. अंगणात चुन्यानं पांढऱ्या केलेल्या गोल बैठकीवर मातीचा रांजण होता, त्यातलं पाणी या उन्हातही गार होतं.

"गोकुळनं बसवून देला नवा," ती म्हणाली. "जुना फुटला त्या दिशी. बसा मॅडम. आता काय काय सांगू तुमाले."

मग तिनं सांगितलं. वर भागवतरावांची चिभड जमीन होती, म्हणजे बारा महिने ओल धरून ठेवणारी, बैल घातला तर पोटापर्यंत फसेल अशी. पाणकणसं, लव्हाळी, हिवाळ्यात बगळे आणि बदकं. पावसाचं पाणी आधी तिथं पसरायचं, मुरायचं, आणि उरेल ते हळूहळू नाल्यानं वस्तीच्या बाजूनं खाली जायचं. वस्तीची विहीर त्याच्यावरच जिवंत होती. ऑगस्टमध्ये देवेशशेठनं परवानगीची वाट न बघता मुरुमाचे ट्रक ओतले. चिभडही भरलं आणि नालाही भरला. सप्टेंबरात दोन दिवस झड लागली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारला पाणी वाट सापडेना म्हणून थेट वस्तीत शिरलं.

"म्हैस बांधेल होती. तिले सोडाले गेले हे. दावं कापलं, म्हैस निंघाली. मानूस नाई निंघाला."

गोकुळ उठून बाहेर गेला.

"शेठचे वकील म्हनतात, नालाच नव्हता, तर नाला बुजवला कोनं. मंग पानी आभायातून आलं, देवानं नेलं." आशाबाईनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "मले काई नाई पाह्यजे, मॅडम. कागदावर नाला होता एवढं लिहून द्या. मंग त्यायले तो उकरून द्याच लागन. नाई तर येत्या पावसात अख्खी वस्ती जाते. अकरा घरं हायेत. लेकरं हायेत."

"गावातलं कोणी साक्ष देईल?"

"चौदा जनायनं प्लॉट धरून ठेवले. कोन बोलन?"

उपग्रहाचं चित्रही काढून झालं होतं. उन्हाळ्यात घेतलेलं. त्यातली कोरडी रेघ म्हणजे गाडीवाट, असं वकिलानं लिहून दिलं होतं. राहिली एकच खूण, पाण्याच्या त्या सात देवींची. "आसरांचे दगड कुठे आहेत?" प्रतिमानं विचारलं.

"तेच तं. मुरुम पडाच्या आंधीच गेले. आवसेले नारळ घेऊन गेली मी, तं जागा रिकामी."

३

देवेशशेठची कचेरी म्हणजे प्लॉटच्या तोंडाशी ठेवलेला लोखंडी डबा. आत एसी. बाहेर फलक : 'निसर्गाच्या कुशीत आपलं हक्काचं घर.' फलकावर झुळझुळ नाला आणि त्यात तीन बदकं. छपाईवाल्यानं टाकली म्हणे.

शेठ जेमतेम चाळिशीचा, बोलायला साखर. "मॅडम, माझं एकच म्हणणं. कागद दाखवा. कागदात नाला निघाला तर मी स्वतः पोकलेन लावून उकरून देतो. लेखी देऊ?"

"फाईल बघायला तुम्ही गेला होतात."

"गेलो ना. वकिलासोबत गेलो. प्रेमानंदजी डोक्यावर उभे होते. मला पान चोरायचं असतं तर मी स्वतः कशाला जाईन?" तो हसला. ते हसणं प्रतिमाला आवडलं नाही, पण नावडणं म्हणजे पुरावा नव्हे.

"आसरांचे दगड तुमच्या माणसांनी काढले?"

"कोणते दगड? माझे ड्रायव्हर बिहारचे. त्यांना दगड म्हणजे दगड. समोर आला असता तर बकेटनं उचलून मुरुमात टाकला असता." हे मात्र त्यानं खरं सांगितलं असं तिला वाटलं.

तिथून ती भागवतरावांकडे गेली. चिभड त्यांनीच शेठला विकलं होतं. पांढरे कपडे, भरघोस मिशा, खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

"चिभडाचं कौतुक तुमा शिकलेल्या लोकायले," ते म्हणाले. "माह्या आज्याची दोन बैलं गेली त्या गाळात. बाप म्हने, हे वावर नाई, दुश्मन हाय. तीन पिढ्या एक दाना नाई पिकला. शेठ आला, म्हने घेतो. इकून टाकलं. पाप केलं का?"

"नाला होता का?"

सुपारीचा आवाज थांबला. "पावसाळ्यात पानी वायते सगळीकडूनच. आता त्याले नाला मनाचं का काय मनाचं, ते सायबायनं ठरवावं."

गावचा पोलीस पाटील असा बोलतो म्हटल्यावर काय बोलणार. प्रतिमा उठली. जाता जाता नजर मागच्या मळ्यातल्या विहिरीकडे गेली. कठड्याखाली लिंबाच्या सावलीत ओळीनं सात दगड मांडलेले होते आणि त्यांच्यावर ताजा शेंदूर होता.

४

शुक्रवारी ती आशाबाईला घेऊनच त्या विहिरीवर गेली. भागवतरावांचा चेहरा उतरला.

"कवा आल्या या तुमच्याकडे?" आशाबाईनं विचारलं.

"सालभर होईन आता. एक दिवस सकाळी पाह्यलं तं बसेल होत्या. मंडळीनं लगेच निवद दाखवला." ते प्रतिमाकडे वळले. "मॅडम, पान्यावरच्या बाया हायेत त्या. कोनी आनल्या, काऊन आनल्या, असं इचारत नसतात. आन आल्या तं उठवत नसतात. आनखीन एक सांगतो. ज्यानं आनल्या त्यानं फेकल्या नाईत, हातानं बसवल्या. आसरा उठवली तं दुसऱ्या जित्या पान्यावर बसवाच लागते. नाई तं ज्यानं उठवली त्याच्या घरात पानी चढते."

"म्हणजे आणणारा गावातलाच."

"गावातलाच. पन मी नाई. मले बसवाच्या असत्या तं गुरुजी बलावला असता, लपून कायले बसवीन?"

प्रतिमाच्या मनात त्यांचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. जमीन त्यांची, फाईल त्यांनी पाहिलेली, दगड त्यांच्याच विहिरीवर. तेवढ्यात आशाबाई खाली बसली आणि दगडांवरून एकेक करून हात फिरवायला लागली. डोळे मिटून, लेकरांच्या डोक्यावरून फिरवावा तसा. सहा दगडांवरून हात गेला. सातव्यावर थांबला.

"या सहा आपल्या," ती म्हणाली. "ही सातवी नाई. हा पूर्णेचा गोटा हाय, नवा. वरतून शेंदूर फासला."

"मग सातवी?"

आशाबाईनं भागवतरावांकडे बघितलं. ते समजून दूर गेले.

"बाहेर सांगत नसतात हे, मॅडम. माह्या सासूच्या काळात एका पुरात एक आसरा वाहून गेली. सहा ठेवता येत नाईत, साताच्या सातच लागतात. मंग सासूनं आपल्या घरच्या जात्याची वरची तळी नेऊन बसवली. शेंदराचे थर चढत चढत गेले, जातं मनून कोनाले ओळखू येत नाई. गावाले ठाव नाई. आमच्या घरातच ठाव हाय."

"खालची तळी?"

"अंगनात पडेल हाय. म्या तिच्यावर बसते."

परतताना जीपमध्ये आशाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं काय सांगून टाकलं, ते तिच्या अजून ध्यानात आलेलं नव्हतं.

५

शनिवारी कचेरी बंद. प्रतिमानं प्रेमानंदला बोलावून फाईल उघडायला लावली आणि ती नुसती बघत बसली.

चोर गावातला आहे, आसरांना मानणारा आहे, आणि टिपण वाचलेला आहे. नाही तर मोजणी त्या दगडांपासून सुरू होते हे त्याला कसं कळणार? टिपण गेलं तरी दगड जागेवर राहिले असते तर नाला शोधता आला असता. म्हणून त्यानं दोन्ही हलवलं. इथवर भागवतराव बसत होते. पण भागवतरावांना सातवी आसरा म्हणजे जातं हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी सातच्या सात उचलून आणल्या असत्या. इथं कोणीतरी सहा परक्याच्या विहिरीवर बसवल्या, आणि सातवी मात्र वेगळी काढून तिच्या जागी नदीचा गोटा ठेवला. घरची आसरा दुसऱ्याच्या दारात बसवायला त्याचा जीव झाला नसेल.

"प्रेमानंदजी, विरोधकांना अर्जाच्या प्रती आपण देतो, त्या कशावरून काढतो?"

"फाईलमधल्या अर्जावरून."

"त्या अर्जावर आपला आवक शिक्का असतो ना?"

"असतोच की. अर्ज हातात घेतला की पहिला शिक्का."

तिनं पान सतरा त्याच्यापुढे सरकवलं. अर्ज तोच, अंगठा तोच. शिक्का नव्हता. प्रेमानंदनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. देवेशशेठला मिळालेल्या प्रतीवर शिक्का होता, भागवतरावांच्या प्रतीवर होता. बिनशिक्क्याची झेरॉक्स फक्त अर्ज कचेरीत यायच्या आधीच निघू शकत होती, आणि ती अर्जदाराच्याच घरी असू शकत होती.

"कडूबा फाईल बघायला आला तेव्हा एकटा होता?"

"म्हाताऱ्याला वाचता कुठं यायचं, मॅडम? पोरगं वाचून दाखवत होतं." प्रेमानंदचा आवाज बारीक झाला. "म्हातारा माझ्याशी बोलत बसला होता. या नाल्यात लहानपणी झिंगे धरायचो म्हणाला. मी पण ऐकत बसलो."

ज्याचा नाला, तोच चोर असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? सगळे विचारत होते, नाला गेल्यानं कोणाचं भलं झालं. प्रतिमाही तेच विचारत बसली होती. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. सापडलेलं उत्तर जाऊन कोणाला सांगायचं होतं? आशाबाईला.

६

रविवारी ती गेली तेव्हा दोघं मायलेक घरीच होते. आशाबाई अंगणात जात्याच्या तळीवर बसून डाळ निवडत होती.

"गोकुळ," प्रतिमा रांजणाखालच्या गोल बैठकीकडे बघत म्हणाली, "तो रांजण जरा बाजूला घे."

गोकुळ जागेवरून हलला नाही. आशाबाईनं मान वर केली.

"काऊन रे? मॅडम म्हनून राह्यल्या तं घे ना बाजूले."

त्यानं रांजण दोन्ही हातांनी कवटाळला, उचलला, खाली ठेवला. मग कोणी न सांगता दगडी बैठकीवरचा चुना विळ्यानं खरवडायला बसला. मधलं भोक मोकळं झालं. भोकाच्या आत शेंदूर तसाच होता, लाल.

आशाबाई उठली. ज्या तळीवर ती बसली होती ती तळी आणि समोरची तळी यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. दोन्हींवरचे घासल्याचे वेढे सारखे होते. लावून बघायची कोणाला गरज वाटली नाही.

"शेठनं नकाशा दाखवला होता मले," गोकुळ खाली बघून बोलायला लागला. "सिमेंटचा मोठा पाइप होता त्याच्यात, रस्त्याच्या खालून. म्हने, पानी पाइपातून जाईन, तुमच्या घराले धक्का नाई. म्हने, कोपऱ्यावरचा प्लॉट तुहा, साइटचं काम तुले. सहा पोरी पाहून झाल्या, मॅडम. सगळ्या एकच इचारतात, रोडले प्लॉट हाय का. चिभडाच्या खालच्या घरात कोन पोरगी देते? बाबा अर्जाच्या मांगं लागले होते. म्या म्हटलं, कागदच गेला तं अर्ज आपोआप बसून जाईन. बाबा गप बसतीन. पान शेठले नेऊन देलं. त्यानं माह्यासमोर जाळलं."

"आणि दगड?"

"मुरुमाखाली दाबू का त्यायले? लहानपनापासून पाया पडलो. सहा तिथं बसवल्या. ही घरची होती. हिले कसं देऊ दुसऱ्याच्या दारात?" त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "पाइप टाकलाच नाई त्यानं. बाबाले पान्यातून म्याच काढलं, मॅडम. ह्या हातानं. त्या दिसापासून झोप नाई. तुमी आले तवाच समजलं होतं मले. लिहून देतो. काय लिहाचं ते सांगा."

प्रतिमाला हेच हवं होतं. त्याच्या एका जबाबावर नाला कागदावर परत येत होता. टिपण होतं, त्यात काय होतं, कोणी काढलं, कोणी जाळलं. शेठ सुटत नव्हता, अकरा घरं वाचत होती.

"लिहून देलं तं याले काय होईन?" आशाबाईनं विचारलं. आवाज अगदी साधा, बाजारभाव विचारावा तसा.

खोटं सांगायची प्रतिमाची तयारी नव्हती. "सरकारी कागद चोरला, मावशी. अटक होईल. आणि काका ज्या पाण्यात गेले, ते पाणी कशामुळे आलं त्याचाही गुन्हा लागेल. शेठवर लागेल, याच्यावरही लागेल."

"बापाचा?"

"हो."

सुपातली डाळ आशाबाईनं डब्यात ओतली, डब्याला झाकण लावलं. "उद्या किती वाजता याचं?" एवढंच विचारलं.

७

सोमवारी सुनावणी सुरू झाली ती साडेअकराला. प्रांतसाहेब, देवेशशेठ, त्याचा वकील, भागवतराव, दाराशी प्रेमानंद. गोकुळला आशाबाईनं बाहेर चिंचेखाली बसवलं होतं, उठायचं नाही म्हणून बजावून. प्रतिमाच्या पिशवीत चार पानी अहवाल होता. पहाटे उठून तिनं तो स्वतःच्या हातानं लिहिला होता. कोणाकडे टाइपला द्यायचा धीर झाला नव्हता.

"तुमचं काय म्हणणं आहे, आजी?" साहेबांनी विचारलं.

"नाला नव्हता, सायेब."

वकिलानं कागदावरून मान वर केली. शेठची पापणीही हलेना.

"म्हणजे? तुमच्या यजमानांनी अर्ज दिला होता नाला आहे म्हणून."

"म्हातारा मानूस होता. भरमला होता. पावसाळ्यात पानी वायते सगळीकडूनच." भागवतरावांचे शब्द तिनं जसेच्या तसे उचलले होते. भागवतराव खिडकीकडे तोंड करून बसले.

"आणि ते आसरांचे दगड, त्यात तुमच्या जात्याची तळी, असं काहीतरी चौकशीत निघालं होतं ना?" शुक्रवारी संध्याकाळी प्रतिमानंच त्यांना फोनवर एवढं कळवलं होतं.

"जातं घरीच हाय, सायेब. दोन्ही तळ्या घरीच. कोनीही येऊन पाहून घ्या." तिनं हे एका दमात सांगितलं. रात्रभर घोकलं असेल.

प्रतिमाला पटकन कळलं. तळी रांजणाखाली सापडली हाच गोकुळविरुद्धचा पुरावा होता, पण जात्याच्या दोन्ही तळ्या घरीच म्हटल्यावर ती तळी कधी आसरांत होती हेच आता कोणाला सिद्ध करता येणार नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या हुशारीला जमलं नसतं ते या अंगठाबहाद्दर बाईनं एका रात्रीत जमवलं होतं.

"चौकशी अधिकारी, तुम्हाला काही सांगायचंय?"

आशाबाई वळली. तिनं प्रतिमाच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पिशवीकडे बघितलं. त्या चार पानांत तिचा पोरगा होता. अकरा घरंही होती, त्यातली लेकरं होती, विहीर होती. प्रतिमा हे सगळं जाणत होती. चौदा वर्षांत अशी वेळ आली तर आपण काय करू याची तिनं मनाशी कितीदा उत्तरं दिली होती, आणि ती सगळी उत्तरं शूर होती.

"नाही, सर," ती म्हणाली. "पानाचा शोध लागला नाही."

प्रेमानंदनं दाराची चौकट धरली. तो काहीतरी बोलेल असं क्षणभर वाटलं, पण तोही सरकारी माणूस होता, आणि ऐकत बसल्याचा ठपका त्याच्यावरही आला असता.

सात मिनिटांत सगळं आटोपलं. आदेश टाइप होऊन आला. जागेवर नाला आढळून येत नाही, सबब मोकळी पट्टी सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही, अंतिम परवानगी मंजूर. देवेशशेठनं सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि आशाबाईलाही केला.

अर्जदाराच्या वारसाचा अंगठा घ्यायचा राहिला होता. प्रतिमानं शाईचं पॅड पुढे केलं.

"मावशी, अजून वेळ आहे," ती हळूच म्हणाली. "पावसात तुम्ही जाणार कुठे? वस्ती जाणार कुठे?"

"कुठी जातीन. तथीच राहू." आशाबाईनं कागदाकडे बोट केलं. "वाचून दाखवा मले. त्यायचं नाव हाय ना याच्यात?"

प्रतिमानं वाचलं. "मयत कडूबा नारायण उमाळे यांचा अर्ज खोटा व निराधार आढळून आल्याने निकाली काढण्यात येत आहे."

"खोटा मनून लिहिलं?"

"हो, मावशी."

"पुरुष जन्मात एक डाव खोटं बोलला नाई माहा," आशाबाई म्हणाली, आणि तिनं अंगठा शाईत बुडवून त्याच्या नावाखाली उमटवला.